माशांचं टॉनिक

"यंदा आपल्या तळ्यातला एकही मासा आजारी पडणार नाही!" मी जाहीर केलं.

"मग आधी माझा मिक्सर खाली ठेवा!" माझी बायको स्मिता कडाडली.

कामोठ्याच्या अंकुशबरोबर मी भागीदारीत रोहू-कटल्याचं तळं घेतलं होतं. गेल्या हंगामात माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले आणि निम्मे मासे पोट वर करून तरंगले. तेव्हापासून अंकुश माझ्याशी सुतकात असल्यासारखा बोलायचा. यंदाही तसंच झालं असतं तर भागीदारी बुडाली असती. तेवढ्यात एका शेतकी मासिकात वाचलं: खाद्यात हळद, लसूण, तुळस मिसळा, मासे वाढतात, रोगाला दाद देत नाहीत!

अंकुश म्हणाला, "सायब, मासं हायेत ती, बालंतीन नाय!"

मी कुठला ऐकतोय! शेंगदाण्याची पेंड, कोंडा, सुकटीचा, म्हणजे वाळवलेल्या बारीक कोलंबीचा, कुटा, त्यात मिक्सरमधून काढलेली हळद, तुळस आणि लसूण. लसूण जरा सढळ हातानंच घातला. गोळे वळले आणि कळंबोलीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर वाळत घातले.

तिथे वरच्या मजल्यावरच्या मालतीबाई आल्या. चातुर्मासात वांगंसुद्धा न खाणाऱ्या!

"हे काय हो?"

"निव्वळ आयुर्वेद! वाढ होते, प्रतिकारशक्ती वाढते..." कुणाची, हे सांगणार तोच खालून स्मितानं हाक मारली.

संध्याकाळी गच्चीवर गेलो तर चटई जवळजवळ रिकामी! कावळे म्हणावेत, तर जिन्यात मालतीबाई भेटल्या.

"किती करता हो सगळ्यांसाठी! मी घरोघरी वाटले. माझ्या गुडघ्यासाठी मी स्वतः गुळाबरोबर घेतला."

"वास नाही आला?"

"औषध म्हटल्यावर वास यायचाच!"

माझ्या पोटात गोळा आला. (त्यांच्या पोटात तर होताच!) घडलेलं ऐकताच स्मितानं मला दारातूनच परत फिरवलं. "जा, खरं सांगून या! कुणाला काही झालं म्हणजे?"

सांगितलं. "सुकट?" एवढंच म्हणून मालतीबाई ज्या वेगानं मोरीकडे धावल्या, त्यात गुडघ्याचं दुखणं दिसलं नाही एवढं खरं. बाहेर आल्यावर त्यांनी मला जे सुनावलं, ते तळमजल्यापर्यंत पोचलं. गच्ची मला कायमची बंद झाली.

उरलेले गोळे घेऊन तळ्यावर गेलो. अंकुशनं मूठभर टाकले. मासे धावत आले, तोंडात घेतले आणि थू थू करून टाकले!

"सायब, लसून किती घातलाव? मानूस पन नाय खायचा!"

त्यानं उरलेल्यात भरपूर पेंड मिसळली, लसणाचा जोर मोडला, तेव्हा कुठे माशांनी तोंड लावलं. घरी आलो तर दारात दुसऱ्या मजल्यावरचे बाजीराव, हातात रिकामा डबा.

मी हात जोडले. "माफ करा, ते माशांचं खाद्य होतं."

"कळलं हो," बाजीराव इकडे तिकडे बघत कुजबुजले. "पुढच्या वेळी सुकट जरा जास्त घाला!"