जोडी जुळवणारे गिरडकर

मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, गिरडकर पूर्ण बाह्यांचा स्वेटर आणि मफलर घालून सायकलवर ऑफिसला येत. कॉम्प्युटरची खोली एसीनं गारठलेली असे हे खरं, पण स्वेटर तिथं पोचल्यावरही घालता आला असता. मी तसं सुचवून पाहिलं.

"घरूनच सवय करून येतो गा," ते म्हणाले.

ऐंशीच्या दशकात आमच्या नागपूरच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्या खोलीचे मुख्य गिरडकर होते आणि त्यांच्या हाताखाली मी. मशीनमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवरचं सगळं दुसरीवरही उतरलेलं असे, म्हणजे एक बिघडली तरी काम अडू नये. टेपवरून नवी सिस्टीम चढवायला घेतली की मशीन एकीकडे सिस्टीम चढवी आणि दुसरीकडे दोन्ही डिस्क एकसारख्या करत बसे. ही जुळवणी नंतरसाठी मागे ठेवायची एक कमांड होती. ती दिली की सिस्टीम झपाट्यानं चढे. गिरडकर ती कधीच देत नसत. उलट जुळवणीला पुढे काढत, आणि सगळं ऑफिस खोळंबून राही.

साहेब दारातून विचारत, "गिरडकर, अजून किती?"

"जोडी जुळून राहिली, साहेब. घाई काहून करता?"

हे इतक्यांदा कानावर पडलं की आवक-जावकच्या वानखेडेबाई एक दिवस भाचीची पत्रिका घेऊन आल्या. गिरडकरांनी ती अदबीनं परत केली. "बाई, माझ्याकडची दोन्ही स्थळं लोखंडाची आहेत."

गिरडकरांनी स्वतः लग्न केलं नव्हतं. गावी, मौद्याला, थोरला भाऊ आणि वहिनी, एवढाच गोतावळा. वडील लवकर गेल्यावर त्या भावानंच त्यांना शिकवलं होतं. दादांचा फोन येई, पोळ्याला ये, दिवाळीला ये. उत्तर ठरलेलं, "हे काम आटपलं का येतो." एकदा दादा स्वतःच आले, पिशवीत घरची संत्री घेऊन. धुळीच्या पायांनी आत येता येत नसे, म्हणून बाहेरच्या बाकावर बसले. आत जुळवणी चालू होती. गिरडकरांनी काचेतून हात केला, बस म्हणून. दादा बसले. शेवटच्या बसची वेळ झाली तेव्हा पिशवी माझ्याकडे देऊन म्हणाले, "त्याले सांगजा, गोड आहेत."

पुढच्या हिवाळ्यात नवी सिस्टीम चढवत असतानाच वहिनींचा फोन आला. दादा पडले होते, डोक्याला मार लागला होता. गिरडकरांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून ती कमांड दिली. जुळवणी मागे पडली, सिस्टीम भराभर चढली. मी पडद्याकडे पाहतच राहिलो.

"आता जुळवणी तू पाहून घे," एवढं बोलून ते बसस्टँडकडे गेले.

दादा वाचले, पण माणसं ओळखेनात. तेव्हापासून गिरडकर दर शनिवारी मौद्याला जाऊ लागले. एकदा मीही बरोबर गेलो. दादा अंगणात खाटेवर बसले होते, नजर फाटकाकडे. गिरडकर शेजारी बसून वरणभात कालवून भरवत होते आणि ऑफिसातल्या गमती सांगत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दादांनी घास गिळला आणि अनोळखी माणसाशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "माझा लहाना भाऊ नागपूरले असते. मोठ्या मशीनवर आहे. आज येतो म्हणे."

गिरडकरांनी त्यांचं तोंड पुसलं.

"येईन ना तो," ते म्हणाले. "निघाला असन."

दादा पुन्हा फाटकाकडे पाहू लागले. गिरडकरांनी पुढचा घास कालवला.