थंडीत आटणारी गाडी

सिद्रामप्पांनी मला फसवलं. भर उन्हाळ्यात त्यांनी आपली विजेची मोटार मला निम्मी विकली, आणि थंडी पडल्यावर त्या निम्म्याची पाव झाली. हे मी त्यांच्या तोंडावर बोललो आहे, त्यांच्या गिऱ्हाइकांसमोर बोललो आहे, आता लिहूनही ठेवतो.

मी घोंगड्यांचा व्यापारी. सांगोल्याकडून खांद्यावर भारा घेऊन पायी आलो, आणि आज भवानी पेठेत माझं स्वतःचं दुकान आहे. मेंढराच्या पाठीवर एकदा हात फिरवला की लोकर कशी निघेल ते मी सांगतो. असा माणूस फसला म्हटल्यावर लोकांना माझी कीव येत नाही, सिद्रामप्पांचं कौतुक वाटतं. हे तर त्याहून वाईट.

त्यांची पिठाची गिरणी माझ्या दुकानाला लागूनच आहे. उंच, थोडे वाकलेले, कपाळावर विभूती आणि विभूतीवर पीठ. एक कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं ते कळत नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी मी दुकान उघडायला जावं, तर हा माणूस मोटारीपाशी उकिडवा बसलेला. बॅटरीच्या पेटीला हाताची पालथी बाजू लावून बघतोय, तापानं फणफणलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसं. मग मान हलवून म्हणणार, "न्हाय. आज बी अंग गार हाय."

मोटार त्यांनी कुठल्याशा संस्थानाच्या मोडीतून आणली होती. काचेच्या कपाटासारखी उंच, चाकं रबरी, आणि वळवायला चक्राऐवजी एक दांडा. तेल नको, धूर नाही, आवाज नाही. बैलाच्या शेजारून गेली तरी बैल कान हलवत नसे. गिरणीच्या इंजिनाला त्यांनी डायनॅमो जोडला होता. इकडे पेठेची ज्वारी दळली जायची, तिकडे मोटारीत वीज भरली जायची.

वैशाखात त्यांनी मला गाडीत बसवून कुंभारीच्या पुढं आपल्या शेतापर्यंत नेलं आणि न थांबता परत आणलं. मी संध्याकाळपर्यंत घासाघीस केली. ते आपले एकच म्हणत होते, "बघा की बिरूशेट, तुमी म्हणाल तसं." सौद्यात असं म्हणणारा माणूस एक तर भोळा असतो, नाही तर त्याच्या पोटात काही तरी असतं. मी त्यांना भोळं समजलो.

मार्गशीर्षात थंडी पडली, आणि तीच गाडी कुंभारीच्या अलीकडं नाल्यात बसली. बैल लावून ओढत आणली. पेठ दारात उभी राहून बघत होती.

"आप्पा, गाडी निम्म्यात थांबती!"

"थंडी हाय की."

"थंडी माणसाला. लोखंडाला कसली थंडी?"

"थंडीत म्हस दूध चोरती का न्हाय? आत असतंय, पर देत न्हाय. ही बी तसलीच."

"मग इकताना का न्हाय सांगितलं?"

"तवा ऊन होतं की! उनात थंडीची गोष्ट कोण काढतंय?"

म्हशीला जे जे करतात ते ते त्यांनी गाडीला केलं. वारा लागू नये म्हणून भोवती गोणपाटाचा आडोसा केला. तापवलेल्या विटा फडक्यात गुंडाळून पेटीशेजारी ठेवल्या. पेटीवर आपल्या पेठेतल्या सुती चादरी घातल्या, तर बॅटरीच्या तेजाबानं त्यांची चाळणी झाली. मग आले माझ्या दुकानात. "लोकरीचं द्या. मेंढरू पावसात उभं ऱ्हातंय, ते तेजाबाला काय भिणार?" आणि खरंच घोंगडं टिकलं. पण गिऱ्हाइकांना काय सांगतात? "आपून शोध लावला." माल माझा, मेंढरं माझ्या गावची, आणि शोध यांचा!

त्या गाडीत बैठकीखाली विजेची एक शेगडी होती. पत्र्याची लहान पेटी. बटण दाबलं की तळपायाला ऊब. पण सिद्रामप्पा त्या बटणाला हात लावू देत नसत.

"आप्पा, शेगडी लावा. माझं पाय गेलं."

"शेगडी वीज खाती."

"खाऊ दे. निम्मी गाडी माझी हाय. शेगडी माझ्या बाजूला हाय, म्हंजे ती माझ्या निम्म्यात येती."

"मग घ्या की शेगडी तुमची. वीज दोघांची हाय."

मग आम्ही दोघं डोक्यावरून घोंगडी घेऊन त्या काचेत बसायचो. लोक म्हणायचे, कपाटात माल मांडून विकायला निघालेत. सिद्रामप्पा म्हणायचे, "बघा, फुकट जाहिरात."

हा सगळा आटापिटा एका दिवसासाठी होता, आणि ते साऱ्या पेठेला ठाऊक होतं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं येळवस असते. सगळं घर शेतात जातं, कडब्याची खोप करून पूजा करतं, भज्जी आणि बाजरीचे उंडे खातं, आंबील पितं. सिद्रामप्पांच्या बायकोचे, पार्वतव्वांचे, गुडघे वातानं धरलेले. बैलगाडीचा एक गचका बसला की त्या कळवळायच्या. कितीतरी येळवशी त्यांनी घरात बसून काढल्या. "औंदा हिला शेतात न्यायाची," सिद्रामप्पा दळण घेता घेता प्रत्येकाला सांगायचे. आपल्या पाळीच्या आठवड्यात रोज सकाळी गाडी त्या वाटेला काढायची, जिथं ती दमेल तिथल्या दगडाला चुना लावायचा आणि परतायचं. विटा वाढल्या, घोंगडी वाढली, तसा चुना एकेक दगड पुढं सरकू लागला.

गाडीच्या वापराचं आमचं ठरलेलं होतं: एक आठवडा त्यांचा, एक माझा. अमावस्या आली माझ्या आठवड्यात. त्याच दिवशी हैदराबादचा एक मोठा व्यापारी घोंगडी बघायला येणार होता, आणि त्याला स्टेशनवरून मोटारीतून आणायचं मी आठ दिवस आधीच पेठभर सांगून ठेवलं होतं. सिद्रामप्पांनीही ऐकलं.

अमावस्येच्या सकाळी येऊन बघतो तर गाडी नाही. नुसता गोणपाटाचा आडोसा.

मी मुनिमाला स्टेशनवर पिटाळलं, टांगा केला आणि कुंभारीची वाट धरली. वाटेत काय काय बोलायचं ते मोठ्यानं घोकत होतो. टांगेवाला शेवटी म्हणाला, "शेटजी, जरा सबर करो. घोडा बिचकतोय."

नाला ओलांडून, कुंभारी मागं टाकून चढावर आलो, तर गाडी उभी. समोर सिद्रामप्पांचं शेत दिसत होतं, कडब्याची खोप दिसत होती, पोरंबाळं दिसत होती. आणि हे बाहेर उभे, अंगात नुसता सदरा, हात काखेत, दात वाजताहेत. घोंगडी सगळी पेटीवर. मी टांग्यातून उडी मारली आणि त्यांना ओढून आत बसवावं म्हणून गाडीचं दार उघडलं. आतून ऊब आली तोंडावर.

"आप्पा! शेगडी?"

"हं."

"मग थांबंल न्हाय तर काय करंल? शेगडी लावली नसती तर पोचली असती!"

"पोचली असती की," ते म्हणाले. "पर नाल्यापाशी हिचं गुडघं आखडलं. बोलली न्हाय ती. मला कळतंय."

आतून पार्वतव्वा म्हणाल्या, "अण्णा, तुमीच सांगा यांना. मी म्हनत हुते, बटन बंद करा, शेत येऊ द्या. तर म्हनत्यात, शेत कुटं पळून जात न्हाय."

शेतातून बैल आले. दोर बांधला. रबरी चाकांवरून गाडी अशी सरकत गेली की आतल्या बाईच्या हातातल्या घागरीतली आंबील हिंदकळली नाही. बांधाशी पार्वतव्वा उतरल्या. गुडघे उबेनं सैल झाले होते. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, पण आपल्या पायांनी खोपीपर्यंत गेल्या. पूजा केली. पहिली आंबील जमिनीला, दुसरी मला. घोकलेलं सगळं मी त्या आंबिलीबरोबर गिळलं.

दुपारी सिद्रामप्पांनी पेटी उन्हात उघडी ठेवली. उतरत्या उन्हात ऊब आणि विश्रांती मिळालेल्या बॅटऱ्यांनी गाडी थेट नाल्यापर्यंत आपणहून नेली. तिथून पुढं बैल. वाटभर ते मला सांगत होते, पुढच्या येळवशीला पेटीला आतून लोकर कशी ठोकायची, आणि शेगडीला बॅटरीच वेगळी कशी ठेवायची.

हैदराबादवाला टांग्यानं आला आणि रुसला. त्याची समजूत मी घालीन. गाडी थंडीत आटते, तेही मी सोडून दिलं.

पण एक सोडणार नाही. अमावस्येच्या आदल्या दिवशी सिद्रामप्पा माझ्या पायरीवर आले होते. एक घोंगडं उचलून बघितलं, खाली ठेवलं, घुटमळले, आणि "बिरूशेट, उद्या गाडी लागती" एवढे चार शब्द न बोलता परत गेले. मी नाही म्हणेन असं त्यांना वाटलं? पार्वतव्वांसाठी? मी लोकरीच्या भावाला घासाघीस करतो, म्हणून माणसाच्या सणालाही करीन? भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं राहिलो, ते हेच समजण्यासाठी? गिरणीचं इंजिन बंद करून, पीठ झटकून, सिद्रामप्पांनी माझ्यासमोर बसावं आणि याचं उत्तर द्यावं.