सासऱ्यांनी भरलेले रकाने

जावईबापूंनी त्या सकाळी एवढंच ठरवलं होतं की, आपल्या दोन नव्या कमांड, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायचे हुकूम, त्यातलं काही न कळणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यायच्या.

जावईबापू पेशानं प्रोग्रामर. त्यांच्या टीमकडे दोनशे पॅकेजं होती. पॅकेज म्हणजे सॉफ्टवेअरचा एक तयार तुकडा. तो कोणी लिहिला, कशावर चालतो, सांभाळतं कोण, हे सगळं एका फाइलीत असतं. ती फाइल शोधण्यातच लोकांचा अर्धा दिवस जायचा. म्हणून त्यांनी सोय केली. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीत 'शो' लिहून पॅकेजचं नाव दिलं की माहिती समोर हजर. 'एडिट' लिहिलं की ती दुरुस्त करता यायची आणि दुरुस्ती थेट सगळ्या टीमकडे जायची. (मध्ये एकदा "नक्की ना?" असं विचारायला हवं होतं. ते काम त्यांनी पुढच्या आठवड्यावर ढकललं होतं.)

"बाबा रिकामेच बसलेत," बायको म्हणाली. "त्यांना दे की."

सासरे निवृत्त शाळा तपासनीस. मुलीकडे राहायला येऊन चारच दिवस झाले होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटली होती. त्यांनी चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढली.

"नुसतं बघायचं, बाबा. 'शो' लिहायचं."

"आणि चूक दिसली तर?"

"मग 'एडिट'," जावईबापू बोलून गेले आणि आंघोळीला पळाले.

दाढी-आंघोळ उरकून तासाभरानं डोकं पुसत बाहेर आले तेव्हा सासरे समाधानानं हात झटकत होते.

"एकसष्ट ठिकाणी 'सांभाळणारा' हा रकाना कोरा होता, जावईबापू. असं कसं चालतं तुमच्याकडे?"

"मग... तुम्ही काय केलंत?"

"भरले सगळे. तुमचं नाव घातलं. म्हटलं, आपलं माणूस आहे."

जावईबापूंच्या हातातला टॉवेल गळून पडला. तेवढ्यात फोन वाजला. टीमच्या मॅनेजरबाई होत्या, आणि त्या भलत्याच खुशीत होत्या.

"एकसष्ट पॅकेजं, एकट्यानं? तीन वर्षं मी सगळ्यांना हात जोडतेय. वरच्या साहेबांना कळवलंसुद्धा मी."

"मॅडम, ते माझ्या सासऱ्यांनी..."

"घरच्यांचाही पाठिंबा आहे? फारच छान." फोन बंद झाला.

जावईबापू कॉम्प्युटरपुढे बसले. निदान स्वतःचं पॅकेज तरी डोळे भरून बघावं म्हणून त्यांनी 'शो' लिहिलं. दोन वर्षं खपून लिहिलेलं ते पॅकेज; त्यातला 'सांभाळणारा' हा रकाना मात्र कोरा.

"बाबा, इथं माझं नाव होतं."

"होतं. काढलं," सासरे शांतपणे म्हणाले. "वर्णन वाचलं मी. मांडणी गचाळ, खुलासा असमाधानकारक. दुसरा माणूस नेमावा, असा शेरा मारलाय."

जावईबापूंनी घाबरत घाबरत शेरा उघडला. त्याखाली टीममधल्या अकराही जणांनी 'सहमत' असं लिहून टाकलं होतं. सगळ्यात वरचं 'सहमत' मॅनेजरबाईंचं होतं.