शेवटच्या सीटवर सापडलेल्या वस्तू

आधीच सांगून ठेवतो, मी घाबरणाऱ्यातला नाही. बस डेपोच्या तळघरात, 'हरवले-सापडले' विभागात एकवीस वर्षं काढलीत. मागच्या फळ्यांवर चारशे छत्र्या, दोन कवळ्या, एक लाकडी पाय आणि बिनमालकाचे चष्मे. चष्मे ओळीनं मांडलेले, सगळे माझ्या पाठीकडे बघत असतात. भल्याभल्यांची इथं पाच मिनिटांत चुळबुळ सुरू होते. मी तिथंच बसून डबा खातो.

आणि नियमाला मी पक्का. वस्तू न बघता तिचं वर्णन करा, फॉर्म भरा, मगच ती हातात मिळेल. "बाई, दहा वर्षं पर्स वापरता आणि अस्तराचा रंग सांगता येत नाही?" असं म्हणून कित्येकांना मी हात हलवत परत पाठवलंय. माणसं आपल्या वस्तूंकडे बघतच नाहीत हो!

अशा मला स्टोइक तत्त्वज्ञान शिकवलं सरांनी. सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक. दर आठवड्याला बसमध्ये छत्री विसरतात आणि दर आठवड्याला माझ्याकडून घेऊन जातात. एकदा मी छत्री शोधत असताना ते म्हणाले, "जुन्या ग्रीक आणि रोमन मंडळींचा एक विचार आहे. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. वस्तू, माणसं, नशीब यातलं काही आपल्या हातात नाही. आपण कसं वागायचं, तेवढं आहे. म्हणून ते एक सराव करत. सकाळी डोळे मिटायचे आणि कल्पना करायची, की आपली एक आवडती गोष्ट गेली. आणि मग..."

"कळलं, सर," मी म्हणालो. छत्री सापडली होती आणि मागे रांग लागली होती.

"अहो, अर्धं राहिलंय अजून."

"ते पुढच्या खेपेला."

मला एवढं पुष्कळ होतं. चारशे छत्र्या सांभाळणाऱ्याला तत्त्वज्ञान अर्ध्यातच कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी खुर्चीत बसलो, डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हणालो, 'समजा, माझी छत्री गेली. मला काही फरक पडत नाही.' खरंच पडला नाही. खुशीत कामावर गेलो.

दुपारी मफलर आला. हा आमचा कंडक्टर, भर उन्हाळ्यातही गळ्यातला मफलर काढत नाही. त्यानं पोतं टेबलावर रिकामं केलं आणि त्यातून एक काळी छत्री काढली. "शेवटच्या सीटवर होती, साहेब. बसलेलं कुणी दिसलं नाही."

छत्रीच्या मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली होती. ती तार मीच गुंडाळली होती. आणि त्या दिवशी मी छत्री घरातून घेऊन निघालोच नव्हतो.

माझ्या अंगावर काटा आला. पण स्टोइक माणूस काट्याला भीक घालत नाही. मी छत्रीला चिठ्ठी बांधली, नंबर टाकला आणि तिला फळीवर ठेवून दिलं. संध्याकाळी घरी गेलो तर खुंटी रिकामी.

"काय बघताय?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या सकाळी मी टेबलावरचं घड्याळ घालवलं. मनात हो, फक्त मनात. सात मिनिटं पुढे पळणारं, एक पाय मोडलेलं. दुपारी मफलरच्या पोत्यातून टिकटिक ऐकू आली. "शेवटची सीट, साहेब. कुणी दिसलं नाही." मी नोंद केली. मग दिवसभर ते माझ्या पाठीमागे टिकटिकत राहिलं. त्या दिवशी मी डबा बाहेर बाकावर बसून खाल्ला. उकडत होतं म्हणून.

तिसऱ्या सकाळी आमचा लग्नाचा फोटो. दुपारी तोही आला, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्या फोटोत ही समोर बघतेय आणि माझे डोळे नेमके मिटलेले आहेत. घरी भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला होता. ही त्या डागासमोर उभी होती.

"इथं काही होतं का हो?" तिनं विचारलं.

"असेल काहीतरी," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

आता तुम्ही म्हणाल, सराव बंद करायचा. पण बंद केला म्हणजे घाबरलो असं झालं असतं. चौथ्या सकाळी ठरवलं, आज काहीतरी फालतू घालवू, पायपुसणं वगैरे. डोळे मिटले आणि वाक्य आपोआप आलं. 'समजा, ही गेली.' तिथंच थांबायला हवं होतं. पण सवय वाईट. 'मला काही फरक पडत नाही,' हेही मागोमाग निघून गेलं.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मग काहीच आवाज येईना. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही. चपला घातल्या आणि सुटलो.

दुपारी सर छत्री न्यायला आले. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "म्हणून अर्धं ऐकून पळू नये. डोळे मिटायचे, गेली असं समजायचं, आणि मग डोळे उघडून बघायचं, की अजून आहे. आज तरी आहे. त्या बघण्यासाठीच तो सराव. फरक पडत नाही असं म्हणायला कुणी सांगितलं तुम्हाला? दगड व्हायला तत्त्वज्ञान कशाला लागतं?" मग त्यांनी हळूच विचारलं, "आज काय घालवलंत?"

मी घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पलीकडे कुणी नाही आणि पाठीमागे ते घड्याळ. चष्मे बघत होते.

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. मफलर आला. आज त्याच्या हातात पोतं नव्हतं.

"साहेब, शेवटच्या सीटवर..." तो बाजूला झाला. त्याच्यामागे ही उभी होती. मनगटाला चिठ्ठी बांधलेली. "उतरायलाच तयार नाहीत. म्हणतात, सापडलेल्या वस्तूंत जमा करा."

माझा जीव भांड्यात पडला. "तू? म्हणजे ते सगळं तू बसमध्ये...?"

"मीच. म्हटलं बघावं, फरक पडतो का. तुम्ही तर नंबर टाकून मोकळे झालात."

"पण मी ते मनातल्या मनात म्हणत होतो!"

"मनातल्या मनात? तुमच्या आवाजानं आत भांडी हलायची."

"वहिनींनी शपथ घातली होती," मफलर जमिनीकडे बघत म्हणाला.

"चल, घरी जाऊ," मी म्हणालो.

"अशी कशी येईन? आधी फॉर्म भरा."

मफलरनं माझ्याच टेबलावरून फॉर्म उचलला आणि मला खांद्याला धरून भिंतीकडे वळवलं. "बघून सांगायचं नाही, साहेब. नियम तुमचाच. अंगात काय आहे? रंग?"

आताच तर समोर उभी होती. मी फक्त मनगटावरची चिठ्ठी बघितली होती. निळं? करडं? सकाळीही बघितलं नव्हतं, कालही नाही. तिची ओळखीची खूण काय, तर एकवीस वर्षं लोकांना खुणा विचारणाऱ्या मला एकही सांगता येईना. ही आज खरंच परत आली नसती, तर मी पोलिसांना काय सांगितलं असतं? मला रडूच आलं.

"मला फरक पडतो," मी भिंतीला म्हणालो.

"जरा मोठ्यानं," मागून ही म्हणाली. "आज बरं मनातल्या मनात म्हणताय."

मी मोठ्यानं म्हणालो. वरच्या फलाटावरचे प्रवासीसुद्धा वाकून बघायला लागले. सरांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि छत्री तिथंच विसरून गेले.

आता मी सराव पूर्ण करतो. डोळे मिटतो आणि उघडतो. कामावर निघताना दारात ही परीक्षाही घेते. कालच म्हणाली, "मिटा डोळे. सांगा, मी काय घातलंय?"

"हिरवा स्वेटर," मी एका दमात सांगितलं.

"तो तुमच्या अंगात आहे," ती म्हणाली.