बाबांचा झुरका

वर्षाला लाखभर ई-सिगारेटी माझ्या हाताखालून जातात. त्यातली एक मलाच तोंडघशी पाडेल, असं कधी वाटलं नव्हतं. शेनझेनच्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. यंत्र झुरके मारतं आणि मी मोजते. रसायनशास्त्राच्या पदवीचा आतापर्यंत एवढाच उपयोग झाला आहे.

छिंगमिंगला, म्हणजे पितरांची थडगी झाडायच्या सणाला, गावी गेले ती एका सहीसाठी. आईच्या उजव्या फुप्फुसात डाग निघाला होता. ऑपरेशन गुरुवारी ठरलेलं, पण कागदावर ती सही करेना.

"तुझ्या बाबांना विचारून सांगते."

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. तेही फुप्फुसानेच गेले.

दरवर्षी आम्ही डोंगरावरचं त्यांचं थडगं झाडतो आणि वाळूच्या भांड्यात सिगारेट पेटवून ठेवतो. ती आपली आपण जळते, म्हणजे बाबा ओढतात. यंदा वणव्याच्या भीतीने डोंगरावर आग बंद. पायथ्याच्या पहारेकऱ्याने आमचा लायटर ठेवून घेतला. आईचा चेहरा उतरला, तेव्हा मी ऐटीत खिशातून कारखान्यात तपासून झालेली एक ई-सिगारेट काढली.

"हिच्यात आगच नाही."

वर पोचल्यावर मी ती वाळूत रोवली. काहीच झालं नाही.

"पेटत का नाही ही?" थोरल्या काकांनी विचारलं.

"ओढल्याशिवाय चालू होत नाही, काका. ओढलं की आतला दाब कमी होतो, ते एका चकतीला कळतं. मग बॅटरी तार तापवते, तारेभोवती भिजलेला कापूस असतो, त्याची वाफ होते."

"म्हणजे श्वास लागतो."

"हो."

"शाबास, पेईयिन. मेलेल्या माणसासाठी श्वासावर चालणारी वस्तू आणलीस."

मग भावाच्या वतीने त्यांनी स्वतःच एक झुरका मारला आणि पाच मिनिटं खोकले. "कलिंगडाची चव? याने जन्मात फळाला हात लावला नव्हता."

ती त्यांनी परत वाळूत खोचली. एवढ्यात दरीतून वारा आला आणि तिच्या पोटावरचा दिवा आपोआप लागला. तोंडातून बारीक वाफ निघाली.

आई गुडघ्यांवर बसली. "आले."

नळीच्या तोंडावरून वारा गेला की आतला दाब तसाच कमी होतो, असं मी सांगणार होते. काकांनी कोपराने ढोसलं. "गप बस जरा."

"अहो," आई थडग्याला म्हणाली, "ऑपरेशन करू का?"

वारा पडला. दिवा विझला.

"नको म्हणतायत."

"परत विचार ना. बाबांना एकदा विचारून कधी ऐकू यायचं?" असं म्हणून मी जॅकेट उघडून शिडासारखं धरलं आणि वारा भांड्याकडे वळेल अशी सरकत राहिले. पदवीधर मुलगी वडिलांच्या थडग्यासमोर वटवाघळासारखी उभी होती.

आईने परत विचारलं. वारा आला. दिवा लागला आणि आठ सेकंद लागून राहिला. मी मनात नाचले. मग तो उघडझाप करू लागला. आई बोटांवर मोजत होती.

"दहा," ती म्हणाली.

"दहा काय?"

"दहा वर्षं आहेत म्हणतायत माझी. मग कापाकापी कशाला?" आणि मोठं ओझं उतरल्यासारखी ती हसली. कित्येक महिन्यांत तिला हसताना पाहिलं नव्हतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी ढोसलं नाही.

"आई, दहा वेळा लुकलुकली म्हणजे बॅटरी संपली. यंत्रावर चारशे झुरके झाले होते तिचे. आणि आधीचा दिवा वाऱ्याने लागला. मी वारा वळवत होते."

ती बराच वेळ थडग्यावरचं गवत उपटत राहिली, उपटण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

"तरीच," ती शेवटी म्हणाली. "अठ्ठावीस वर्षांत या माणसाने विचारलेल्या गोष्टीचं उत्तर दिलं नाही. आज दिलं तिथेच मला संशय यायला हवा होता." मग माझ्याकडे वळली. "तूच सांग. तू शिकलेली आहेस. ऑपरेशन केलं तर किती वर्षं?"

चारशे झुरक्यांनंतर काय होतं ते मला माहीत आहे. याचं उत्तर मला माहीत नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "पण कर."

तिने पेन मागितलं. मी घडी करून बरोबर आणलेला कागद गुडघ्यावर ठेवून सही केली आणि विचारलं, "गुरुवारी तू थांबशील ना?"

"थांबेन की," मी म्हटलं.

रजा मंगळवारपर्यंतचीच आहे. साहेबांना अजून विचारलेलं नाही.