खुर्ची कोणी केली?

खुर्च्यांच्या कारखान्यात आराखडे काढणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे आपणराव म्हणत, कारण त्यांच्या तोंडून 'मी' हा शब्द काही केल्या निघत नसे. नवी घडीची खुर्ची त्यांनी एकट्याने, घरच्या जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून, घडवली होती. पण साहेबांनी "कोणी केली?" विचारल्यावर ते विनयाने म्हणाले, "आपण केली." साहेबांनी हे 'आपण' आदरार्थी घेतलं आणि मोठ्या साहेबांना कळवून टाकलं की खुर्ची मीच केली.

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?" बायको भडकली. "विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे, आणि तुमच्या कष्टाचं लोणी दुसराच खातोय!"

"अगं, पण स्वतःच्या तोंडाने..."

"मग कोणाच्या? माझ्या? उद्या मोठे साहेब खुर्ची बघायला येतायत ना? विचारलं, की 'मी' म्हणायचं. म्हणा बघू."

"आपण म्हणू ना."

"आपण नाही, मी!"

"म... मी."

रात्रभर उजळणी चालली. कप कोणी फोडला? मी. नळ कोणी उघडा ठेवला? मी. मुलीने आपली दोन-तीन जुनी पापंही हळूच त्या ओघात खपवून टाकली. सकाळी तिने विचारलं, "आई, बाबा बकरीसारखं काय करतायत?"

आपणराव 'मी, मी' घोकतच कारखान्यात पोचले, घोकतच त्यांनी खुर्ची उघडून दालनाच्या मध्यभागी मांडली. मोठे साहेब अंगाने भरभक्कम. ते ऐसपैस बसले मात्र, खुर्चीने 'खट्' केलं आणि त्यांच्यासकट घडी घातली. वर फक्त बूट राहिले.

"कोणी केली ही खुर्ची?" घडीतून गर्जना झाली.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "आपण... म्हणजे आपण सगळ्यांनीच, सर."

"मी!" आपणराव खणखणीत ओरडले. जीभ चावली, पण बाण सुटला होता. विभागप्रमुखाची जागा त्यांच्या डोळ्यांदेखत वाफ होऊन गेली.

चौघांनी मोठ्या साहेबांना बाहेर ओढून काढलं. "का पडली?" त्यांनी विचारलं.

"मागची खिट्टी लावायची राहिली. मी लावायची होती. पण मी 'मी मी' घोकत होतो, त्यात मी विसरलो."

"मग लावा आता."

खिट्टी लागली. मोठे साहेब पुन्हा बसले, रेलले, मुद्दाम हललेसुद्धा. खुर्ची ढिम्म. त्यांनी समाधानाने डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच साहेबांना विचारलं, "मागे तुम्ही म्हणाला होतात, तुम्हीच केली?"

"ते सर... आपलं हे..."

"राहू द्या. खुर्ची उभी असताना 'मी' म्हणणारे पुष्कळ भेटतात. पडल्यावर म्हणणारा हाच बघितला. ती रिकामी जागा यांना द्या."

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. दिवसभर तिचं कशात म्हणून लक्ष लागलं नव्हतं.

"झालो," आपणराव म्हणाले. "विभागप्रमुख."

तिचे डोळे भरून आले. ते पदराने पुसून तिने कमरेवर हात ठेवले. "कोणामुळे?"

सवयीने 'मी' ओठांवर आलाच होता, तेवढ्यात तिची भुवई वर गेली. त्यांनी तो गिळला. "आपल्यामुळे."

"आपल्या म्हणजे? दोघांच्या, की एकट्या माझ्या?"

"ते," हात जोडून विभागप्रमुख म्हणाले, "आपणच ठरवावं."