मधल्या पट्ट्यातले सर

कोठे भांडण लागल्याचे कानावर आले, की रंगनाथराव खिशातून एक निळी टोपी काढून डोक्यावर ठेवीत. टोपी मूळची पांढरी, आमच्या भागातील कोणाही वृद्धाच्या डोक्यावर असते तशीच. परंतु त्यांनी ती बादलीभर पाण्यात नीळ कालवून आकाशाच्या रंगाची करून घेतली होती.

"परदेशात शांतिसैनिक निळी शिरस्त्राणे घालतात, शास्त्रीबुवा," ते मला गंभीरपणे सांगत. "हा मनुष्य कोणाच्याच बाजूचा नाही, हे लांबून दिसले पाहिजे."

उन्हात घाम आला की त्या टोपीचा रंग ओघळून त्यांच्या भाळावर उतरे. मला नीलकंठाचे स्मरण होई. भगवंताने जगाचे विष कंठात धरले, आमच्या सरांचे थोडे वर, कपाळापाशी अडकले होते, इतकाच भेद.

बारामतीच्या एका महाविद्यालयात ते राज्यशास्त्र शिकवीत आणि मी संस्कृत. त्यांच्या प्रबंधाचा विषय असा होता, की यादवी युद्ध थांबून शांतिसैनिक परत गेले म्हणजे काही देशांत लढाई पुन्हा का पेटते आणि काही देशांत का पेटत नाही. ज्या देशांविषयी त्यांनी लिहिले, त्यांपैकी एकही त्यांनी पाहिला नव्हता. परंतु त्या देशांतील नद्या, टोळ्या, संसदा, करार आणि करारभंग त्यांना असे तोंडपाठ होते, जसे मला नित्यपाठाचे अध्याय.

निवृत्तीनंतर आम्ही दोघे सायंकाळी कालव्याच्या कडेने फिरावयास जात असू. मुंज झाल्यापासून माझी सायंसंध्या चुकलेली नाही, त्यामुळे सूर्य कलला की मला परतण्याची घाई होई. सर पश्चिमेकडे पाहून म्हणत, "निघा, तुमच्या सैन्यमाघारीची वेळ झाली. जगातली सगळी सैन्ये अशीच घाईने निघतात आणि मागे घोटाळा होतो."

परदेशांतली युद्धे वृद्धापकाळी हाताशी येत नाहीत, म्हणून त्यांनी इंदापूर तालुक्यातली भांडणे अभ्यासास घेतली. त्यासाठी एक जाड वही केली. भांडणांचे चार प्रकार पाडले. पहिला नजरेचा, दुसरा शब्दांचा, तिसरा काठीचा. चौथा मौनाचा. "तिसऱ्याला सगळे भितात," ते म्हणत, "पण खरा वाईट चौथा. काठी मोजता येते, गप्प बसणे मोजता येत नाही."

शेळगावचा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरचा आहे. आम्ही एका लग्नाहून परतत होतो. रस्त्याकडेच्या बांधावर दोन शेतकरी काठ्या उगारून उभे होते. सरांनी गाडी थांबविली, टोपी घातली, डिकीतून घडीची खुर्ची काढली आणि ती नेमकी दोघांच्या मध्ये मांडून तीवर बसले. मांडीवर वही उघडली.

"सर, जरा बाजूला व्हा," एकजण म्हणाला. "ह्याचं डोस्कं फोडायचंय."

"फोडा ना. पण आधी वय सांगा."

"वय कशाला?"

"नोंदीला लागते. आणि दोघेही चार पावले मागे सरा. कोण बरोबर ते नंतर बघू, आधी कोण किती लांब उभा आहे ते लिहू द्या."

हे त्यांचे पालुपद होते. काठ्या खाली घेऊन दोघांनी निमूटपणे पावले मोजली. मग वय, क्षेत्र, पीक असे प्रश्न झाले आणि अखेरीस सरांचा ठरलेला प्रश्न आला. "तुम्ही दोघे शेवटी एकत्र कधी जेवलात?"

मग एकजण पुटपुटला, "गेल्या जत्रंला. ह्याच्याच घरी."

"काय होते जेवायला?"

पदार्थाचे नाव मी येथे लिहीत नाही. माझ्या आचाराला ते शोभत नाही. परंतु ते ऐकताच पलीकडचा मनुष्य काठीवर रेलून म्हणाला, "तिखट लई झालं व्हतं का रं तवा?"

"न्हाय रं, झ्याक व्हतं. दोन येळंला मागून घेतलं की मी."

त्या दिवशी कोणाचे डोके फुटले नाही. परतताना मागून आवाज आला, "सर, आमचं भांडान कितव्या नंबरात बसलं?" सरांनी गाडीतून तीन बोटे दाखविली. दोघांनाही मोठा सन्मान झाल्यासारखे वाटले असावे.

सर्वच मोहिमा अशा सफळ होत नसत. आमच्या राममंदिरात दोन भजनी मंडळांत आरतीचा मान कोणाचा, यावरून वाद होता. सरांनी दहा कलमांचा करार लिहिला. आरती आळीपाळीने, तबकाला दोन्हींचा हात, आणि कराराचे पालन होते की नाही हे पाहण्यास एक तटस्थ निरीक्षक. निरीक्षक म्हणून एक निवृत्त कंडक्टर नेमला. महिन्याभरात त्याने स्वतःचे तिसरे मंडळ काढले आणि आरतीत वाटा मागितला.

मी रागावून सरांकडे गेलो. ते आनंदाने खुर्चीतून उठले. "अहो, हे माझ्या प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात आहे! निरीक्षक फार दिवस बसला की पक्ष होतो!"

"अहो, पण आता आरतीला सवा तास लागतो."

"पण तिन्ही मंडळे येतात ना? पूर्वी एक आले की दुसरे घरी बसे."

हे मात्र खरे होते. रामरायाचा सभामंडप इतका भरलेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

हे सर्व मी हसत लिहीत आहे. त्या वहीचे पहिले पान मला दिसले नव्हते, तोवर मीही हसतच होतो.

दर रविवारी दुपारी सर टोपी आणि खुर्ची घेऊन एकटेच आपल्या गावी, लासुर्ण्याला जात. "चौकीवर चाललो," एवढेच सांगत. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि सलग तीन रविवार चुकले. चौथ्या रविवारी दुपारी ते काठी टेकीत माझ्या दारी आले. चेहरा उतरलेला. "शास्त्रीबुवा, चला माझ्याबरोबर. सैन्य फार लवकर मागे आले."

वाटेत त्यांनी वही माझ्या हाती दिली. पहिल्या पानावर भांडण क्रमांक एक. पक्ष पहिला, तात्या, म्हणजे त्यांचे थोरले बंधू. पक्ष दुसरा, रंगनाथ. प्रकार चौथा.

बारा वर्षांपूर्वी तात्यांच्या नांगराने आपला बांध कोरला, असा सरांना संशय आला. भावाला जाऊन विचारायचे, ते न करता या शांतीच्या पंडिताने सरकारी मोजणी मागविली. आमच्याकडे सख्ख्या भावावर मोजणी आणणे हा केवढा अपमान, हे सांगावयास नको. मोजणीदारांनी साखळी टाकली, खुणा रोवल्या, आणि निघाले ते उलटेच. सरांच्याच शेतात तात्यांची सहा फूट जमीन आली होती.

सरांनी तो पट्टा त्याच दिवशी सोडून दिला. तात्या मात्र तेथे पाऊल टाकीनात. "मोजणीनं दिल्याली जमीन मला नको," एवढे बोलून ते जे गप्प झाले, ते गप्पच. तेव्हापासून दोन्हीकडे ऊस उभा आणि मध्ये सहा फुटांची पडीक पट्टी. त्या पट्टीत खुर्ची टाकून सर बारा वर्षे दर रविवारी बसत. मी समजत होतो, त्यांचा काही अभ्यास चालला आहे. ते केवळ वाट पाहत होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा पट्ट्यातले गवत कोणीतरी खुरपून ठेवले होते, आणि सर खुर्ची मांडीत ती जागा चांगली सारवल्यासारखी साफ होती. पलीकडे लिंबाखाली पांढऱ्या पटक्याचे एक वृद्ध आमच्याकडे पाठ करून बसले होते. सर थबकले. तेवढ्यात, तोंड न वळवता, लिंबाखालून आवाज आला.

"तीन रविवार चौकी रिकामी हाय. म्हणलं मेलं का काय ह्ये."

सरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या शेंडीवर घातली. "तुम्ही बसा, शास्त्रीबुवा. मी पक्षकार आहे. पक्षकाराने नोंद करू नये."

मी बसलो. वही उघडली. कधी न केलेले काम, आवाज माझाच मला परका वाटला. "तुम्ही दोघे शेवटी एकत्र कधी जेवलात?"

मग तात्या सावकाश उठून पट्ट्याच्या कडेशी आले. "आईच्या तेराव्याला."

"बुंदी होती," सर म्हणाले.

"बुंदी कुठली? लापशी व्हती. बुंदी तुज्या लग्नात."

"तात्या, बुंदीच व्हती. तुमी सोता वाढली मला. लाकडाच्या पळीनं." सरांच्या तोंडून घरची बोली मी प्रथमच ऐकत होतो.

"आरं, येडा का खुळा तू? बुवा, तुमीच सांगा, तेराव्याला बुंदी असती व्हय?"

शास्त्राधार मला ठाऊक होता. पण माझ्या डोक्यावर टोपी होती. मी प्रश्न तेवढा वहीत उतरवून घेतला. दोघे एकेक पाऊल पुढे आले. आवाज चढले. कोणत्या आत्याने लापशी ढवळली, गूळ कमी पडला की जास्त झाला, एकेक साक्षीपुरावा निघू लागला. भांडण चौथ्या प्रकारातून दुसऱ्यात आले होते.

सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला. संध्येची वेळ झाली, म्हणून मी वही मिटून उठू लागलो. बोलता बोलताच, माझ्याकडे न पाहता, सरांनी माझा खांदा दाबून मला खाली बसविले.

"उठू नका, शास्त्रीबुवा," ते हळूच म्हणाले. "आज तरी उठू नका. तुम्ही उठलात की आम्ही पुन्हा गप्प होऊ."

मी तेथेच, त्या निळ्या टोपीसकट, पश्चिमेकडे तोंड केले आणि मनातल्या मनात अर्घ्य दिले. मागे लापशीचा वाद चालूच होता.